आत्याचं घर, निरगुडसर

९ जानेवारी २०२३, सोमवार

सेगुलाआत्या येणार! इथे, निरगुडसरला! शहाऐंशी वर्षांची बाई, इस्रायलहून!

दुपारी भांडी घासत होते, फोन वाजला. नंबर लांबलचक. आधी कुणी मुलगी इंग्रजीत काहीतरी बोलली, मग खरखर, आणि मग एकदम ठसठशीत मराठी — "मिल्का? अगो मोठ्यानं बोल. मी सेगुला. हसाजीची धाकटी बहीण." सासऱ्यांची बहीण! मी पदर सावरून उभीच राहिले. फोनवर! जशी काही तिला दिसतेय.

म्हणाली, पुण्याच्या आपल्यातल्या बिनयामीनकडून नंबर मिळवला. नातीला घेऊन येतेय. शेबाट महिन्याच्या पंधराव्या दिवसाचा, आपल्या झाडांच्या सणाचा मलिदा तुझ्या घरी करायचा. खाट नको, चटई चालेल. "आणि मी मंचरहून टांगा करीन, तू घ्यायला येऊ नको हो."

टांगा! मंचरला!

चार वर्षं झाली ह्यांना जाऊन. अजून काही झालं की सांगायला मागच्या, ह्यांच्या दुरुस्तीच्या शेडकडे वळते. आजही वळले. अर्धं अंगण चालून गेले, मग आठवलं.

१० जानेवारी

खुश आहे. घाबरलेय. दोन्ही एकदम.

१२ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या प्रयागबाईला सांगितलं. म्हणाली, "ही कोन आत्या? एवढ्या वर्सांत कदी नाव न्हाई ऐकलं!" खरं आहे. ह्या घरात ते नाव निघतच नसे. मामंजी नुसतं 'ती' म्हणायचे.

ती आली की तिची बाजू सांगेल. बोलणं ऐकून वाटतंय, जोरात सांगेल. म्हणून मामंजींची बाजू आधी लिहून ठेवते, नाहीतर माझ्याच डोक्यातून पुसली जायची.

मामंजी म्हणजे माझे सासरे, हसाजी झिराडकर. आम्ही बेने इस्राएल, अलिबागकडचे ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. गोऱ्यांचं सरकार गेलं, पाठोपाठ तिकडं ज्यू लोकांचं आपलं सरकार झालं, आणि पन्नास साली झिराडकरांचं घर विमानात बसलं. मामंजी, नवी नवरी सासूबाई, मामंजींचे आईवडील आणि तेरा वर्षांची सेगुला. तिकडे वाळवंटात तंबू. मामंजी पाणी उपसायच्या इंजिनांवर कामाला लागले. कातडी बघून काम देतात, म्हणायचे. पांढरा पाव त्यांना, काळा आम्हाला! शेवटी आपली बरीच माणसं तेल अवीवला रस्त्यात जाऊन बसली. आम्हाला परत पाठवा! आणि बावन्न साली पाठवलं खरंच. आईवडील आणि सेगुला तिकडेच राहिले.

इथे आल्यावर कुणी सांगितलं, आंबेगावात विहिरींवर इंजिनं बसतायत, दुरुस्तीला माणूस नाही. आले. 'इस्रायल मिस्त्री'! पारगावकडची म्हातारी माणसं आमच्या घराला अजून तेच म्हणतात. ज्या देशाशी भांडून आले त्याचंच नाव जन्माला चिकटलं.

तिकडून निघताना विमानतळावर मामंजींनी शपथ घेतली होती — ह्या मातीवर माझ्या घरचं कोणी पुन्हा पाय ठेवणार नाही. ह्यांनीही शेवटी मला दुसरं काही सांगितलं नाही. "बाबांचं तेवढं पाळ." आम्हाला मूल नाही. म्हणजे पाळणारी मी एकटीच.

१५ जानेवारी, रविवार

काल शनिवार, लिहीत नाही.

आज संक्रांत. प्रयागबाई तिळगूळ घेऊन आली. पूर्वी हळदीकुंकवालाही न्यायची. ज्यू म्हणून कधी अडलं नाही, विधवा झाले तेव्हा अडलं. ती दरवर्षी कानकोंडी होते. "माझी सासू गेली का तुला पयलं बोलावनं करते बघ!" सासू ओसरीवरून ओरडली, "ऐकाया येतंय मला!" पोट दुखेपर्यंत हसलो.

१७ जानेवारी

वाचनालयातून तिकडच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक आणलं. शाळा सातवीला सुटली पण वाचायचं काही सुटलं नाही, हे म्हणायचे किराण्याच्या पुड्यांवरसुद्धा टिपणं काढशील. पुस्तकात युद्धंच युद्धं. आपल्या लोकांवर साडेतीन ओळी. मामंजी त्यात कुठेच नाहीत.

२० जानेवारी, शुक्रवार

मागची शेड झाडली. ह्यांचे पाने, रिंगा, पिस्टन, सगळं एका बाजूला रचलं. ग्रीसचा वास तसाच आहे. दार लावून आत थोडी बसले. मग उठले. शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच लागतो, दिवे लावायची वेळ झाली होती.

२३ जानेवारी, सोमवार

आली!!

टांगा नाहीच. मुंबईहून अमजदची जीप. अमजद जुन्नरचा, आमच्या लोकांना कुठे जायचं असलं की तोच. जीपचं दार उघडून म्हणाला, "चाची, सांभाळा. वाटभर मला गाडी चालवायला शिकवलंय त्यांनी."

एवढीशी बाई! माझ्या खांद्याला लागते. पायात पांढरे बूट, कपाळावर गॉगल चढवलेला. उतरली, इकडेतिकडे बघितलं. मी वाकले तर खांद्याला धरून उभी केली. "तू सून. थळची ना? थळच्या मुली लांब नाकाच्या." झालं स्वागत!

नात नोआ पंचविशीतली. मराठी 'पाणी' आणि 'बस' एवढंच. बाकी तिचा फोन बोलतो, अगदी बातम्या दिल्यासारखा. "आपल्या निवासस्थानी स्नानगृह कोठे आहे?" प्रयागबाई फोनलाच उत्तर द्यायला लागली.

आत्यानं मामंजींच्या फोटोकडे बघितलं नाही. जेवताना पाठ करून बसली.

२५ जानेवारी, बुधवार

पावावरून भांडण!! मी सहज म्हटलं, काळा पाव. आत्या ताडकन उठली.

"पाव सगळ्यांनाच काळा होता! रेशन होतं! तुझ्या सासऱ्याला पांढऱ्या पावाचं कौतुक, गोऱ्या साहेबाच्या कॅन्टीनात खाल्ला होता ना!"

मी म्हटलं, "आणि काम? कातडी बघून देत होते ते?"

परत खाली बसली. मग म्हणाली, ते खरं होतं.

मग जे सांगितलं ते मला साडेतीन ओळींत सापडलं नव्हतं. बासष्ट साली तिचं लग्न ठरलं. तिकडचे धर्मपंडित ते लावेनात. म्हणे तुम्ही हिंदुस्तानातले, तुमची आजी, पणजी ज्यू होती कशावरून? "मी म्हटलं, कशावरून म्हणजे? शनिवारी उपाशी बसायची, पण चूल पेटवायची नाही त्यावरून!" चौसष्ट साली आपले लोक जेरुसलेमला सरकारच्या दारात जाऊन बसले. त्यात ही पण. शेवटी सरकारनं मान तुकवली.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीपण बसलात. मामंजींसारख्याच."

"त्याच्यासारखी? तो निघून जायला बसला होता. मी राहायला बसले होते."

मग मला विचारलं, "इथलं सरकार कसं वागवतं तुम्हाला?" म्हटलं, बरं वागवतं. सोळा साली महाराष्ट्रात अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. दाखला मागायला गेले तर खिडकीतला मुलगा म्हणाला, "ज्यू म्हणजे जैन का?" नाही. "मग पारशी?" नाही. "मावशी, तुम्हीच सांगा मग, मी लिहितो."

आत्या इतकी हसली की नोआ धावत आली. "आम्हाला विचारायचे, तुम्ही खरे ज्यू कशावरून? तुला विचारतात, ज्यू म्हणजे काय? तुझा प्रश्न बरा गो!"

आज पहिल्यांदा तिनं फोटो खाली काढून पुसला. परत लावताना वाकडा लावला. मी सरळ केला नाही.

२७ जानेवारी, शुक्रवार

मलिद्याचं सामान लिहीत होते. पोहे, नारळ, साखर, वेलची, बेदाणे, खजूर, फळं. विचारलं, आत्या, तुम्हाला बेदाणे आवडतात की काजू?

म्हणाली, "मला काय माहीत? एकाहत्तर वर्षांत खाल्ला नाही."

मला वाटलं चेष्टा. आमच्यात मलिद्याशिवाय काही होतं का? लग्न, बाळंतपण, नवं घर, नवस, एलियाहू नबीच्या नावानं मलिदा हवाच. सगळ्या जगातले ज्यू वेगळे आणि मलिदा खाणारे आम्ही वेगळे. आणि हिनं खाल्ला नाही?

बावन्न साली विमानतळावर दादानं शपथ घेतली तेव्हा पंधरा वर्षांची सेगुला रडत ओरडली होती. दादा, माझ्या घरी येऊन तू मला मलिदा भरवशील तेव्हाच खाईन! तू नाही तर तुझ्या घरचं कुणी! एलियाहू नबीची आण!

दोघांनी एकाच दमात आपापली दारं लावून घेतली.

स्वतःच्या लग्नात ताट पुढे सरकवलं. पोरांच्या बारशाला सरकवलं. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला सरकवलं. दादा गेला. दादाचा मुलगा गेला. "आता त्याच्या घरची तू एकटी. चल मिल्के. अश्दोदला माझ्या घरी. चार दिवस. मला भरव आणि परत ये. मरायच्या आधी चव बघू दे."

म्हणजे मलिद्याला आली नव्हती. मला न्यायला आली होती.

ती बाई हात जोडत नव्हती, हुकूम करत होती, पण माझा पदर सोडत नव्हती. आणि मला ऐकू येत होतं — बाबांचं तेवढं पाळ.

दिवे लावायची वेळ झाली. बरं झालं.

२९ जानेवारी, रविवार

काल गंमत. मी शनिवार पाळून गप्प बसलेली. ना गॅस, ना फोन. चहा प्रयागबाई आणून देते, न सांगता. आणि इस्रायलहून आलेली ही बाई सकाळी सातला टीव्ही लावून मराठी मालिका बघत बसली! "आत्या, शनिवार!" तर म्हणे, "शनिवार काय ज्यू लोकांनाच आहे का? सुनेला सासू छळतेय, बघू दे!"

पण संध्याकाळी मी 'नाही' म्हणून सांगितलं. म्हटलं, आत्या, मी येऊ शकत नाही. मी त्यांच्या घरची म्हणून तुमची आण सुटणार असेल तर त्यांच्या घरची म्हणून त्यांची शपथही मलाच आहे.

"आणि त्यांच्या घरची नसलीस तर?"

"मग मी येऊन तुमची आण सुटणार कशी?"

म्हणाली, "वाचणाऱ्या बाईला सून करू नये."

रागावली नाही. हेच जास्त लागलं.

३१ जानेवारी

प्रयागबाईच्या शेतात हुरडा. नोआनं पहिल्यांदा खाल्ला, तोंड काळं करून घेतलं, नाचली. फोन म्हणाला, "हे धान्य अत्यंत आनंददायक आहे." सगळा बांध हसला. आत्याही हसली, पण मध्येच थांबून माझ्याकडे बघायची. मी शेंगदाण्याची चटणी वाढत राहिले.

ती सोमवारी मलिद्याचं ताट न खाताच सरकवणार. माझ्याच घरात. माझ्यामुळे.

१ फेब्रुवारी, बुधवार

सुटलं! प्रयागबाईनं सोडवलं!

ताक घेऊन आली आणि आम्हा दोघींचे चेहरे बघून म्हणाली, "काय गं, मयतीला बसल्यावानी?" आत्यानंच सगळं सांगितलं. प्रयागबाईनं दोन वेळा विचारून घेतलं. मग म्हणाली —

"म्हंजी मिल्कानं तकडं जायाचं न्हाई. आन तुमी तुमच्या घराबिगर खायाचं न्हाई. असंच ना?"

"असंच."

"मंग तुमचं घर हितं करा की!"

"इथे कुठे?"

"ती शेड हाय न्हवं मोकळी! इजराभाऊंची!"

मी दचकले. ह्यांची शेड! आत्याही दचकली. मग विचार करून म्हणाली, "वीज आहे?"

"हाय."

"संडास?"

"संडास दोगींत येक," प्रयागबाई म्हणाली. "आमच्यात धा जनांत येक व्हता, संसार झाला."

आत्या उठून शेडकडे गेली. मी मागे. दारात उभी राहून तिनं वास घेतला, लांब श्वास. "दादाच्या कपड्यांना हाच वास यायचा. तंबूत." मग माझ्याकडे वळली. "तुझ्या नवऱ्याची जागा आहे. तू देशील तर घेईन. उसनी नको, मला द्यायला हवी. एलियाहू नबीला फसवायचं नाही."

चार वर्षं मी ते दार जपलंय. मग म्हटलं, दिली.

२ फेब्रुवारी, गुरुवार

नावापुरतं घर नको म्हणते. शेगडी मांडली. चटई, उशी, दोन पातेली, तवा. ह्यांचे पाने हलवू दिले नाहीत. "असू देत, घरात माणसाचं काही हवं." मुंबईहून आणलेल्या डब्यातून मेझुझा काढला. दाराच्या चौकटीवर ठोकायची नळी, आत प्रार्थनेचा कागद. ज्यू माणूस राहतो त्या दाराला ती असते. ठोकणार कोण? नोआ. हातोडी ह्यांची. पत्र्याच्या शेडीला लाकडी चौकट होती हे आज माझ्या ध्यानात आलं.

प्रार्थना म्हणून तिनं नळीला बोट लावून ओठाला लावलं आणि लगेच मला बाहेर काढलं. "आता तू पाहुणी. हाक मारून ये."

३ फेब्रुवारी, शुक्रवार

हाक मारून गेले. तिनं दहा मिनिटं दार उघडलं नाही! म्हणे, आवरते आहे. मग चहा दिला. साखर विसरली होती. पाहुणी म्हणून प्यायले.

दूधवाल्याशी भांडून झालंय. आता खरं घर झालं.

५ फेब्रुवारी, रविवार

नारळ खोवून हात दुखतायत. पुण्याहून उद्या बिनयामीनभाऊ आणि बाकीची मंडळी, अमजदच्या जीपमधून. प्रयागबाईची सासूसुद्धा येते म्हणाली. "ज्यूंचा परसाद खाल्ला न्हाई अजून, खाऊनच जाते वर."

६ फेब्रुवारी, सोमवार

कुठून सुरू करू?

सकाळपासून ऊन स्वच्छ. आत्यानं शेडीत मोठं ताट मांडलं. पोह्यांचा ढीग, वर नारळ, साखर, खजूर, बेदाणे, कडेनं फळं, गुलाबाची फुलं. बिनयामीनभाऊ टोपी घालून उभे. केळ्यावरून अडलं! झाडाच्या फळाची प्रार्थना वेगळी, मातीतून येतं त्याची वेगळी. नोआ म्हणते मातीचं, बिनयामीनभाऊ म्हणतात पुण्यात आम्ही बघून ठेवलंय, तेही मातीचंच. मग वाद कशाचा होता हे कुणालाच कळेना, तरी पाच मिनिटं घातला.

प्रार्थना झाली. ताटातला मलिदा वाटीत घेऊन मी माझ्या स्वयंपाकघरात गेले. ठरलंच होतं तसं. तिथून वाटी घेऊन अंगण ओलांडायचं. तेवढंसं अंगण. वर्षानुवर्षं जेवायला या म्हणून ह्यांना हाक मारायला ह्याच वाटेनं जात होते. सगळे शेडीच्या दाराबाहेर उभे, प्रयागबाई, अमजद, लेकरं. दाराशी थांबून हाक मारली, "आत्या, घरात आहात का?"

आतून आवाज, "कोण आहे?"

"हसाजीच्या घरची."

दार उघडलं. डोक्यावर पांढरा रुमाल, नवरीसारखी नटलेली. मी घास उचलला. भरवला.

किती वेळ चावत होती! डोळे मिटून. एकाहत्तर वर्षं चावत होती ती बाई. मग डोळे उघडले आणि म्हणाली —

"साखर जास्त झालीय."

आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं!

काय आरडाओरडा! प्रयागबाईनं तिला उचललंच. अमजदनं जीपचा हॉर्न वाजवला. नोआ रडत होती, फोन बोलतच होता, कुणी ऐकत नव्हतं. प्रयागबाईच्या सासूनं तीनदा मलिदा घेतला. आत्यानं चारदा. पाचव्यांदा मागितला तेव्हा बिनयामीनभाऊ म्हणाले, "आत्या, वय बघा." "सगळ्या मलिद्यांचं बाकी आहे!"

हे असते तर! असं दिवसभरात कितीदा मनात आलं. पण आज त्यानं जीव जड झाला नाही. शेडीत एका बाजूला ह्यांचे पाने होते, दुसऱ्या बाजूला माणसं खात होती.

९ फेब्रुवारी, गुरुवार

गेली. शेडीला स्वतः कुलूप लावलं, पातेली पालथी घातली, दूधवाल्याला "महिनाभर नको" सांगितलं. महिनाभर! जीपमध्ये बसताना मामंजींवरून काही बोलेल वाटलं. म्हणाली, "केस काळे करत जा. थळच्या बाया लवकर पिकतात."

१० फेब्रुवारी

अंगण फार मोठं वाटतंय.

१२ मार्च, रविवार

नोआचा फोन. आत्या रोज बॅग भरून बसते. म्हणते, मला घरी जायचंय, निरगुडसरला. तिला एकटीला विमानात बसवत नाहीत, नोआला रजा नाही. मी प्रयागबाईला सांगितलं. ती म्हणाली, "लेक सासरी असली तर म्हायेरचं मानूस आनाया जातं. मुराळी. तिला कोन गेलं व्हतं आजवर?" कुणीच नाही. एकाहत्तर वर्षं.

मंचरला जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढला. मामंजी, रागवा हवं तर. मी मुराळी चालले.